दुभाषी साहेब रजेवर आहेत

आमच्या नांदेडच्या ऑफिसात सर्व्हरचा बॅकअप कधी वेळेवर झाला असेल तर शपथ! पण किस्स्यांचा बॅकअप विचाराल, तर तो प्रत्येकाकडे आहे. आणि प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं. एकच प्रसंग फेरोजभाईंकडून ऐकलात तर त्यात फेरोजभाईंनी प्रोजेक्ट वाचवलेला असतो. तोच नागनाथकडून ऐकलात तर फेरोजभाई त्या दिवशी ऑफिसलाच आलेले नसतात! माझं व्हर्जन खरं आहे. म्हणजे, बाकीच्यांपेक्षा कमी खोटं.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. लातूर, उदगीर, धर्माबाद या पट्ट्यातले व्यापारी आणि डाळमिलवाले शेतकऱ्यांकडून तूर, सोयाबीन, मिरची घेतात. त्यांच्या खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. यातला बराच माल हैदराबादची एक मोठी कंपनी उचलते. कुणाकडून, कुठला, किती माल आला, हे आमच्या सिस्टीमनं त्यांच्या सिस्टीमला रोज कळवायचं. आता गंमत अशी, की त्यांच्या सिस्टीमला फक्त एक्सएमएल समजतं. एक्सएमएल म्हणजे काय, तर प्रत्येक गोष्टीच्या पुढं-मागं तिच्या नावाची पाटी लावलेला मजकूर. मध्ये एक फ्रेमवर्क बसलेलं असतं. ते आमच्या जावातल्या वस्तू उचलतं आणि एक्सएमएल करून तिकडं धाडतं.

साधा आकडा असला, साधा शब्द असला, तर बिचारं मुकाट काम करतं. पण आपण आपला स्वतःचा टाइप बनवला, म्हणजे वजन, तारीख, शेतकऱ्याचं नाव असं काही, की ते बावचळतं. मग त्याला हाताला धरून शिकवावं लागतं, की बाबा, जाताना हे असं लिही आणि येताना हे असं वाच. याला म्हणतात टाइप मॅपिंग. आमचं निम्मं आयुष्य यात गेलं. उरलेलं निम्मं चहात.

*

ही नोकरी लागली तेव्हा वडिलांनी फोनवर विचारलं, "नेमकं काय करतोस?"

मी म्हणालो, "दादा, मॅपिंग करतो."

दादा खूश. आमचं गाव निलंग्याजवळ. दादांनी पारावर सांगितलं, पोरगं मॅपिंग करतंय. पुढच्या रविवारी मी गावी गेलो, तर ओसरीवर चार-पाच माणसं बसलेली. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात नकाशा. एकानं तर चुन्याची पिशवीसुद्धा आणलेली!

मी आईला हळूच विचारलं, "हे काय?"

आई म्हणाली, "मोजणीला आलेत. तू मोजतोस म्हणं शेतं."

माझे चुलते सगळ्यात पुढं. त्यांचा आणि शेजाऱ्याचा बांध माझ्या जन्माच्या आधीपासून भांडणात आहे. म्हणाले, "चल बाळ, उन्हाच्या आत उरकून टाकू. टेप हाय का मशीन आणलंस?"

आता त्या सगळ्यांना ओसरीवर बसवून मी टाइप मॅपिंग समजावलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. आमची भाषा त्यांना कळत नाही, त्यांची आम्हाला. मध्ये बसून जो एकाचं दुसऱ्याला समजावतो, त्याला शिकवायचं काम माझं.

चुलत्यांनी तंबाखू मळता मळता बराच विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे मोजणीचं काम न्हाई तुझ्याकडं."

"नाही, काका."

"पर दोघांची भाषा एकमेकाला समजावतोस."

"हो."

"मग बांध राहू दे," काका उठत म्हणाले. "आधी घरी चल. तुझ्या काकूचं आन् माझं मॅपिंग करून दे!"

*

टीमची ओळख राहिलीच की. मालक म्हणजे शिंदे सर. पुण्यात मोठ्या पगारावर होते, ते सोडून नांदेडला आले आणि दोन खोल्यांत कंपनी काढली. "आपली पोरं पुण्याला का जावीत? पुण्याचं काम इकडं येईल," असं ते तेव्हा म्हणाले. पुण्याचं काम आलं नाही, हैदराबादचं आलं. सर म्हणाले, "दिशा चुकली, पण अंतर वाचलं."

फेरोजभाई आमच्यात सगळ्यात सीनियर. हैदराबादशी बोलायचं काम त्यांचंच, कारण त्यांची दखनी उर्दू ऐकली की तिकडचा माणूस निम्मा वितळतो. नागनाथ उदगीरचा, तब्येतीनं खातापिता, आश्चर्य वाटलं की कानडीत "यप्पा!" म्हणणारा. आणि अश्विनी कांबळे. ही नांदेडचीच. फ्रेमवर्कची एरर ती वर्तमानपत्रासारखी वाचते. तिचं बोलणं कमी. पण जे बोलते ते ऐकून समोरचा घरी जाऊनही विचार करतो.

*

वजनाचा किस्सा. आम्ही 'वजन' नावाचा एक टाइप बनवला होता. हैदराबादला वजन किलोत पाहिजे, पण आमच्या भागात माल येतो पोत्यात. नागनाथनं ठरवलं, पोत्याचं किलोत रूपांतर मॅपिंगमध्येच करून टाकू. त्यासाठी तो धर्माबादला एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडं गेला. शेटजींचं मराठी तेलुगूत बुडवून काढलेलं, पण गोड.

नागनाथनं लॅपटॉप उघडून विचारलं, "शेटजी, एक पोतं म्हणजे किती?"

शेटजी म्हणाले, "कशाचं?"

"मिरचीचं."

"कोणत्या मिरचीचं? वाळलेली, का थोडी ओली?"

"वाळलेली धरा."

"कोण भरणार?"

नागनाथ गोंधळला. "म्हणजे?"

"आमचा माणूस पायानं दाबून भरतो. शेतकऱ्याचं लेकरू हातानं भरतंय. एकच पोतं, पण वजन एक कसं होईल बाबू?"

नागनाथनं तिथूनच ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर शिंदे सर म्हणाले, "अरे, पण पोतं हा एक टाइप आहे ना?"

फेरोजभाई म्हणाले, "नक्को सर. पोता टाइप नहीं है. पोता मिज़ाज है!"

शेवटी काय केलं? काट्यावरचं वजन थेट घेतलं आणि पोत्याला सिस्टीममधून हाकलून दिलं. पण नागनाथ परत येताना शेटजींनी दिलेली मिरची घेऊन आला. ती बायकोनं भाजीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी तो रजेवर. रजेचं कारण त्यानं मेलमध्ये एका शब्दात लिहिलं होतं, 'पोतं.'

*

नागनाथचंच अजून एक सांगतो. तेव्हा त्याचं नवीन लग्न झालेलं. बायको शाळेत शिक्षिका, मूळची लातूरची, बोलायला एकदम तरबेज.

त्या आठवड्यात आमचा फ्रेमवर्कशी वेगळाच झगडा चालला होता. एखादी माहिती नसली, की फ्रेमवर्क तिची पाटीच एक्सएमएलमधून गाळायचं. हैदराबादचं म्हणणं, माहिती नसेल तर नसू द्या, पण रिकामी पाटी तरी पाठवा! सरांना यातला फरक काही केल्या पटेना. ते म्हणत, "नाही म्हणजे नाही. त्यात दोन प्रकार कसले?"

अश्विनीनं समजावलं, "सर, आज डबाच आणला नाही, हा एक प्रकार. डबा आणला, उघडला, आत काहीच नाही, हा दुसरा. पोट दोन्हीकडं उपाशीच. पण दुसऱ्यात राग जास्त येतो."

सर हसले. पटलं.

नागनाथला हे उदाहरण भयंकर आवडलं. घरी जाऊन त्यानं बायकोला पूर्ण लेक्चर दिलं. कॉम्प्युटर काही गृहीत धरत नाही. जे स्पष्ट सांगितलं तेवढंच करतो. माणसानंही असंच असलं पाहिजे, वगैरे वगैरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो. नागनाथनं डबा उघडला. पहिला खण रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा रिकामा. डबा मात्र लख्ख घासलेला!

"यप्पा!" नागनाथ म्हणाला आणि लगेच बायकोला फोन लावला. "अगं, डब्यात काहीच न्हाई की!"

तिकडून शांत आवाज आला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सकाळी काय म्हणालात तुम्ही? 'डबा दे.' दिला. भाजी-पोळी म्हणाला होतात का? मी काही गृहीत धरलं न्हाई."

फेरोजभाईंनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी नागनाथपुढं सरकवली आणि म्हणाले, "भाभीजी को नौकरी पे रखो सर. टेस्टिंग में!"

*

उदगीरच्या एका डाळमिलवाल्याची अट होती, की शेतकऱ्याची नोंद करताना त्याला ओळखणारा एक माणूस लिहायचा. ओळखीचा साक्षीदार. तो साक्षीदारही शेतकरीच. त्यानं आपला माल विकला की त्याचीही नोंद, त्याचाही साक्षीदार.

आम्ही तसं केलं. शेतकऱ्याच्या आत साक्षीदार ठेवला. चाचणीसाठी एका गावातली दहा-बारा नावं भरली आणि बटण दाबलं.

एक्सएमएल तयार व्हायला लागलं. झालं, होत राहिलं, होतच राहिलं. कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला. शेवटी सगळं बंद पडलं आणि पडद्यावर लाल अक्षरांचा सडा.

अश्विनीनं वाचून पाहिलं आणि हसायलाच लागली. झालं होतं असं, की माणिकरावांचे साक्षीदार दिगंबरराव. फ्रेमवर्कनं माणिकराव लिहायला घेतले, आत दिगंबरराव लिहिले. दिगंबररावांचे साक्षीदार कोण? माणिकरावांचे मेहुणे. मेहुण्यांचे साक्षीदार कोण? पुन्हा माणिकराव! फ्रेमवर्क बिचारं एकाच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा, तिसऱ्याच्या आत परत पहिला, असं लिहीत सुटलं. गावात सगळे एकमेकांचे सोयरे. त्याला थांबायला जागाच मिळेना!

शिंदे सर मागं येऊन उभे राहिले. सगळं समजून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साक्षीदाराचं फक्त नाव लिहा. मराठवाड्याची सोयरीक एक्सएमएलमध्ये घालू नका. मशीन जळेल!"

*

आता तारखेचं. धर्माबादच्या त्याच शेटजींचा नियम, अमावास्येला माल गाडीत चढवायचा नाही. त्यांनी नागनाथला सांगितलं, त्या दिवशीची तारीख टाकून हैदराबादला काही पाठवू नका. नागनाथनं काय केलं, तारखेच्या मॅपिंगमध्येच तशी सोय करून टाकली. अमावास्या आली की त्यांची खरेदी एक दिवस थांबायची, दुसऱ्या दिवशी जायची. केलं, चाललं, तो विसरूनही गेला.

काही महिन्यांनी हैदराबादहून श्रीनिवास सरांचा फोन. हे तिकडचे प्रोजेक्ट मॅनेजर. तसे शांत, पण त्या दिवशी वैतागलेले. म्हणाले, धर्माबादचा डेटा महिन्यातून एक दिवस गायब होतो. कधी सोमवार, कधी गुरुवार. आमचे लोक आठवडाभर नेटवर्क तपासून राहिलेत. बग कुठं आहे?

फेरोजभाईंनी फोनवर हात ठेवून नागनाथकडं पाहिलं. नागनाथनं खिडकीतून आकाशाकडं बोट दाखवलं. आधी कुणालाच कळेना. मग त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि काळा गोल दाखवला.

शिंदे सरांनी डोक्याला हात लावला. एवढ्या मोठ्या कंपनीला हे सांगायचं कसं? काँट्रॅक्ट जाईल! नेटवर्कचं काहीतरी कारण सांगा, असं ते खुणेनं म्हणत होते.

फेरोजभाईंनी घसा साफ केला आणि फोनवरचा हात काढला.

"सर," ते म्हणाले, "नो मून, नो एक्सएमएल."

शिंदे सर डोळे मिटून बसले.

मग श्रीनिवास सरांचा आवाज आला, एकदम नरम. "अमावास्या? तो पहले बोलना था ना भाई! हमारा गोदामवाला भी उस दिन माल नहीं उतारता."

*

ज्याच्यामुळं आमचं ऑफिस हैदराबादमध्ये फेमस झालं, ते दुभाषी साहेब.

प्रत्येक टाइपसाठी मॅपिंगचा एक वेगळा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, लिहावा लागतो. त्याला इंग्रजीत नाव द्यायचा आम्हाला कंटाळा. अश्विनी म्हणाली, हा दोघांच्या मध्ये बसून भाषांतर करतो ना, मग दुभाषी म्हणा. झालं! वजनाचा क्लास 'वजन दुभाषी', तारखेचा 'तारीख दुभाषी', दराचा 'दर दुभाषी'. सगळं इंग्रजी लिपीत.

मग हैदराबादला श्रीनिवास सरांच्या वर एक नवीन मॅडम आल्या, कविता मॅडम. कडक. त्यांनी आमचा सगळा कोड मागवला, ओळ अन् ओळ वाचली आणि मीटिंग लावली. व्हिडिओ कॉल. आम्ही सगळे इस्त्रीचे शर्ट घालून बसलो. नागनाथनं टाय घातला होता. तो त्याच्या लग्नातला होता आणि त्यावर अजून हळद होती.

मॅडमनी सुरुवातच केली. "कोड अच्छा है. लेकिन मुझे एक बात बताइए. बाकी टीम क्या कर रही है?"

शिंदे सरांना कळेना. "मतलब, मॅडम?"

"जितना मुश्किल काम है, सब एक ही आदमी ने किया है. वजन, तारीख, रेट. हर फाइल पर मिस्टर दुभाषी का नाम है. वे कॉल पर क्यों नहीं हैं?"

आम्ही एकमेकांकडं पाहायला लागलो. खरं सांगावं, तर मॅडमचा अपमान होईल. अश्विनीनं तोंडावर ओढणी धरली, खांदे हलताना मला दिसत होते.

फेरोजभाई पुढं सरकले. "मॅडम, दुभाषी साहब छुट्टी पे हैं. माहूर गए हैं, दर्शन को."

"अच्छा. लौटें तो मेरी तरफ से बधाई दीजिए," मॅडम म्हणाल्या. "ऐसे लोग कंपनी छोड़कर जाने नहीं चाहिए."

"कहीं नहीं जाते मॅडम," फेरोजभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "घर के आदमी हैं."

विषय संपला असं आम्हाला वाटलं. दिवाळीला हैदराबादहून मिठाईचं पार्सल आलं. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा बॉक्स. शिंदे सर, फेरोजभाई, अश्विनी, नागनाथ, मी.

दुभाषी साहेबांचा बॉक्स सगळ्यात मोठा होता!

*

आता हा शेवटचा. हा नांदेडचा नाही, लातूरचा. लातूरला आमचं छोटं ऑफिस आहे, डाळमिलवाल्यांना काही अडलं तर यायला. त्या महिन्यात तिथं अश्विनी आणि मी होतो. नवीन तूर बाजारात यायला सुरुवात झाली होती.

एका मिलमधून मुनीमजींचा फोन आला. "मॅडम, एका बाईची नोंद हैदराबादला जाईना. लाल येऊन राहिलंय."

अश्विनीनं पाहिलं. हैदराबादच्या सिस्टीमला नावाचे तीन तुकडे लागायचे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. तिन्ही कंपल्सरी. या बाईंच्या नोंदीत पहिलंच नाव होतं. मुक्ताबाई. पुढं काही नाही.

"पूर्ण नाव विचारा की," अश्विनी म्हणाली.

"विचारून थकलो. बाई सांगंना. तुम्हीच बोला."

मुक्ताबाई फोनवर आल्या. आवाज खणखणीत. निलंग्याकडच्या एका गावच्या. आईकडून आलेली जमीन त्यांच्या नावावर झाली होती आणि स्वतः पेरून, स्वतः खुरपून पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं त्या माल विकत होत्या.

अश्विनीनं विचारलं, "मावशी, मालकांचं नाव काय?"

"हाय की त्याला नाव. असू दे त्याच्यापाशी."

"बरं, वडिलांचं सांगा."

"बापानं लगीन लावताना मला इचारलं व्हतं का? आता तुरीला त्याचं नाव कशाला? रान माझं, तूर म्या पेरली. आधार कार्डावर बी निस्तं मुक्ताबाईच हाय. तेच लाव."

अश्विनी म्हणाली, "बरं मावशी. तेच लावते."

नांदेडला फोन गेला. नागनाथ म्हणाला, "काय अवघड त्यात? मधल्या नावात एक टिंब टाक, आडनावात एक टिंब टाक. जातंय की."

शिंदे सरांचंही तेच मत. टिंबानं काम होतंय, तर हैदराबादला कशाला डिवचायचं? नवीन काँट्रॅक्टच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि ते नाही झालं तर लातूरचं ऑफिस बंद करावं लागेल, असं सरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

अश्विनी म्हणाली, "सर, मग काय, टिंब हा तिचा नवरा?"

अश्विनीनं नावाचं मॅपिंग नव्यानं लिहायला घेतलं. एकच नाव असेल तर एकच पाटी जाईल. मधली नाही, शेवटची नाही, रिकामी नाही, टिंबाची तर नाहीच. लिहिलं, पाठवलं. हैदराबादनं ताबडतोब परत फेकलं. तिनं पुन्हा पाठवलं, त्यांनी पुन्हा फेकलं. मग तिनं सरळ श्रीनिवास सरांना फोन लावला. हैदराबादशी स्वतः बोलायची तिची ती पहिलीच वेळ. मी शेजारी बसून टेबलाची कड धरली होती.

श्रीनिवास सर समजावून सांगत होते. मॅडम, स्कीमा है, नियम है, सबके लिए एक है. अश्विनीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, आपके सिस्टीम में औरत को नवरा मस्ट है क्या?"

तिकडं कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग एक बाईचा आवाज. कविता मॅडम त्याच खोलीत होत्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"श्रीनिवास, ये दोनों नाम मस्ट किसने किए?"

"मॅडम, वे तो शुरू से हैं."

"शुरू से तो बहुत कुछ है," मॅडम म्हणाल्या. "निकालो."

दुपारपर्यंत नोंद गेली. हिरवी. मी नांदेडला कळवलं, तर फोनवर फेरोजभाईंनी शिट्टी वाजवली. शिंदे सर एवढंच म्हणाले, "अश्विनीला चहा पाज. माझ्याकडून."

दोन-तीन दिवसांनी ऑफिसच्या दारात एक बाई उभ्या. डोक्यावर पदर, हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी, दुसऱ्या हातात मोबाइल. एसटीनं आल्या होत्या.

"अश्विनी कोण हाय?"

अश्विनी उठली. मुक्ताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पेंढी टेबलावर कीबोर्डच्या वरच ठेवली आणि मोबाइल पुढं केला.

"आलंय बग काहीतरी. वाच."

हैदराबादहून आलेला मेसेज होता, मराठीत. अश्विनीनं वाचला, "मुक्ताबाई, आपली तूर मिळाली. धन्यवाद."

"नावाच्या फुडं काय हाय?"

"काही नाही, मावशी."

"कुणाचंच न्हाई?"

"कुणाचंच नाही."

मुक्ताबाईंनी खुर्ची ओढली. नीट मांडी घालून वर बसल्या, पदर सारखा केला, आणि बाहेर जिन्यात दोन-तीन माणसं उभी होती तिकडं एकदा पाहून घेतलं.

"आता पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."